आंबिलीतल्या जिवाणूला क्रमांक मिळेपर्यंत: माझा अनुभव

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा विषय ठरवताना आमच्या वर्गात बहुतेकांनी दही घेतलं. मी नाचणीची आंबील घेतली. दह्यावर पुष्कळ काम झालं आहे, आंबिलीवर त्या मानाने कमी. आणि मी कोल्हापूरकडची, उन्हाळाभर आंबील पिऊन वाढलेली. आंबील पोटाला चांगली हे घरी सगळेच म्हणतात. तिच्यातला नेमका कुठला जिवाणू आणि तो खरंच चांगला का, हे मला स्वतः तपासायचं होतं. त्यातला एक जिवाणू शेवटी पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहात जमा होऊन त्याला क्रमांक मिळाला, त्या प्रवासाची ही गोष्ट.

पहिला पेच नमुन्याचाच. यात्रेत किंवा दुकानात मिळणारी आंबील आणून चालणार नव्हतं. आत्याला फोन केला तर तिने उलट मलाच विचारलं, "तुला आंबील पायजे का आंबवण? शिजल्यावर काय ऱ्हातंय त्यात?" तिचं अगदी बरोबर होतं. रात्री भिजवलेलं पीठ सकाळी उकळत्या पाण्यात सोडून शिजवतात, तेव्हा रात्रभर वाढलेले जिवाणू मरतात. गार झाल्यावर वरून ताक घालतात, म्हणजे प्यायच्या भांड्यात जे जिवंत असतात ते मुख्यतः ताकातले. मला नाचणीतले हवे होते. म्हणून आत्याला ताकाचा थेंबही न घालता, नुसत्या पाण्यात पीठ आंबवायला सांगितलं आणि शिजवण्याआधीचं आंबवण निर्जंतुक बाटलीत भरून, बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये आणलं. कुठल्याही आंबवलेल्या पदार्थावर काम करणाऱ्याने तो पदार्थ करणाऱ्या बाईशी आधी तासभर बोलावं, असं माझं ठाम मत आहे. पुढची निम्मी दिशा तिथेच ठरते.

लॅबमधलं सुरुवातीचं काम ओळखीचं होतं. एक मिली नमुना नऊ मिली सलाईनमध्ये, त्यातला एक मिली पुढच्या नळीत, असं पातळ करत जायचं आणि एमआरएस अगार या जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमाच्या प्लेटवर पसरवायचं. हे माध्यम १९६० मध्ये डी मान, रोगोसा आणि शार्प यांनी लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंसाठी तयार केलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. आम्ही त्यात कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळली होती, त्यामुळे प्लेट दुधाळ दिसते. ३७ अंशांवर कँडल जारमध्ये (आत मेणबत्ती पेटवून ऑक्सिजन कमी केलेल्या बंद बरणीत) दोन दिवस ठेवल्यावर प्लेट उजेडापुढे धरली, तर जिवाणूंच्या पांढऱ्या बारीक ठिपक्यांभोवती, म्हणजे कॉलनींभोवती, स्वच्छ, पारदर्शक कडी पडलेली होती. कॉलनीने सोडलेल्या आम्लात भोवतालची पूड विरघळलेली. पुस्तकात शंभरदा वाचलेलं असलं तरी ते पहिल्यांदा पाहताना मी प्लेट खाली ठेवेना.

वेगवेगळ्या कॉलनी उचलून शुद्ध केल्या. ग्रॅम रंजनात जांभळे दंडगोल, हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तरी बुडबुडे नाहीत, म्हणजे पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेज हे विकर नाही. लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंची हीच खूण. एवढं जमलेल्यांना पुढच्या चाचण्यांना घेतलं: जठरासारख्या आम्लात, पीएच २.५ वर, तीन तास, मग ०.३ टक्के पित्तक्षारात चार तास. बरेचसे इथेच गळाले. एक आयसोलेट, म्हणजे वेगळा काढून शुद्ध केलेला जिवाणू, मात्र सगळ्यांत पुढे होतं. आम्लातून बाहेर काढल्यावरही त्याच्या प्लेटवर दाट वाढ यायची. मी मनातून त्यालाच निवडून टाकलं होतं.

मार्गदर्शक मॅडमनी अँटिबायोटिकच्या डिस्क लावायला सांगितल्या. औषध जिवाणूला मारत असेल तर डिस्कभोवती मोकळं वर्तुळ पडतं. व्हॅन्कोमायसिनच्या डिस्कभोवती जवळजवळ कुणाच्याच प्लेटवर मोकळं वर्तुळ आलं नाही आणि माझा जीव खाली-वर झाला. मॅडम म्हणाल्या, "हे त्यांच्या भिंतीतच आहे गं, घाबरू नकोस." या गटातल्या बऱ्याच जिवाणूंच्या पेशीभित्तिकेच्या जडणघडणीत शेवटी डी-अ‍ॅलनिनच्या जागी डी-लॅक्टेट असतं, त्यामुळे व्हॅन्कोमायसिनला धरायला जागा मिळत नाही. हा गुण जन्मजात, गुणसूत्रात पक्का बसलेला. दुसऱ्या जिवाणूला सहजी दिला जात नाही.

खरी अडचण टेट्रासायक्लिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची निघाली. माझं ते लाडकं आयसोलेट टेट्रासायक्लिनलाही दाद देईना. पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून दाखवणारी चाचणी) लावल्यावर टेट-एम या प्रतिरोधाच्या जनुकाची पट्टी स्वच्छ दिसली. हे जनुक बहुधा जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर बसलेलं असतं आणि आतड्यात शेजारच्या जिवाणूकडे, अगदी रोगकारक जिवाणूकडेही, जाऊ शकतं. पोटाच्या आरोग्यासाठी म्हणून दिलेला जिवाणू प्रतिरोधाचं जनुक वाटत फिरला तर फायद्यापेक्षा अपाय मोठा. आम्लात सगळ्यांत चिवट असलेलं आयसोलेट आम्ही बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या क्रमांकाचं घेतलं. तेव्हा फार वाईट वाटलं. पण आज कुणी मला या कामातला सगळ्यांत महत्त्वाचा दिवस कुठला विचारला, तर मी तोच सांगेन. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये अन्नातल्या प्रोबायोटिक्ससाठी, म्हणजे आरोग्याला फायदा करणाऱ्या जिवंत जिवाणूंसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात सुरक्षिततेवर एवढा भर का आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

मग नाव ठरवणं. जिवाणूची ओळख पटवायला वापरतात त्या १६एस जनुकाचे सुमारे दीड हजार अक्षरांचे वाचन बाहेरून करून आणलं आणि जुळवून पाहिलं, तर प्लँटॅरम आणि पेंटोसस या दोन्ही प्रजातींशी सारखंच जुळत होतं. या भावंडांना १६एस वेगळं करू शकत नाही. त्यासाठी रेक-ए जनुकावरची पीसीआर लावावी लागते: ३१८ बेसची पट्टी आली तर प्लँटॅरम, २१८ ची आली तर पेंटोसस. आमची ३१८ ला आली. आता नाव लिहायचं लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम, कारण २०२० मध्ये जुन्या लॅक्टोबॅसिलस प्रजातीसमूहाचे २५ गट पाडले गेले. जुने शोधनिबंध चाळताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं, नाहीतर निम्मं वाङ्मय हातातून निसटतं.

शेवटचा टप्पा जमा करण्याचा. पुण्यात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या संस्थेच्या अखत्यारीत एनसीएमआर हा राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह आहे. अर्ज भरायचा, कुठून आणि कसा मिळवला ते लिहायचं, सोबत जनुकाचं वाचन आणि जिवंत कल्चर द्यायचं. ते स्वतः वाढवून, शुद्ध आहे का आणि सांगितलेलाच जिवाणू आहे का ते तपासतात, मगच क्रमांक देतात. त्या काळात लॅबच्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ग्लिसरॉल घालून ठेवलेल्या नळ्यांवरच सगळी भिस्त होती. क्रमांकाचा मेल आला तो मी सगळ्यांत आधी आत्याला वाचून दाखवला. तिला क्रमांकाचं फारसं काही वाटलं नाही, पण आपल्या घरचं आंबवण पुण्याला जपून ठेवलंय म्हटल्यावर ती खूश झाली.

माझ्या प्रबंधात त्याला 'प्रोबायोटिक' म्हटलेलं नाही. जिवंत, पुरेशा संख्येत आणि माणसाला खरोखर फायदा दाखवलेला, या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तरच तो शब्द वापरायचा. माणसांवरची चाचणी आम्ही केलेली नाही. सध्या मी त्याचं विरजण नाचणीच्या पिठाला लावून पाहते आहे. भारतातल्या नियमानुसार प्रोबायोटिक म्हणून द्यायच्या पदार्थाच्या रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. त्यामुळे ते पीठ शिजवल्यानंतर, गार करून लावायचं, की वाळवून पुडी करायची, हा आमच्यापुढचा आताचा प्रश्न आहे.

यंदा हा विषय घेणाऱ्यांना एवढंच सांगते: टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिनच्या डिस्क आम्लाच्या चाचणीआधी लावा. दोन दिवसांचं काम आहे आणि पुढचे कित्येक आठवडे वाचतात. १६एसचे पैसे भरण्याआधी रेक-एचे प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवून ठेवा. आणि प्रत्येक आयसोलेटच्या ग्लिसरॉलच्या नळ्या दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही.