तेरीज जुळत नव्हती, चूक सर्व्हरमध्ये होती

हिशेबाचे सॉफ्टवेअर स्वतःच्या वेब सर्व्हरवर चालवावे, म्हणजे दोन-तीन जणांना एकाच वेळी ब्राउझरमधून नोंदी करता येतील, असे ठरवून मी लिनक्सवर अपाची (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस) आणि पीएचपी (सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिले आहे ती) बसवले. हे सारे एका दुपारी उरकले.

खरा त्रास सुरू झाला तो आरंभीच्या शिलका भरताना. खाती होती ३१२. सर्व खात्यांसाठी एकच लांबलचक फॉर्म होता आणि त्याच्या प्रत्येक ओळीत चार रकाने होते: खाते क्रमांक, नावे, जमा आणि तपशील. सगळे आकडे भरले, दोन्ही बाजूंच्या बेरजा पडद्यावर तंतोतंत जुळल्या, 'जतन झाले' असा संदेशही आला. त्यानंतर तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकांचा ताळा, काढली, तर फरकाची मोठी रक्कम उचंत खात्यात, म्हणजे न जुळलेली रक्कम तात्पुरती ठेवायच्या खात्यात, जाऊन बसलेली.

पुढचे तीन दिवस मी स्वतःची चूक शोधत होते. फरकाला ९ने भागून पाहिले, कारण आकड्यांची अदलाबदल झाली असेल तर फरकाला ९ने पूर्ण भाग जातो. निम्म्या फरकाइतकी रक्कम शोधली, कारण नावेची रक्कम जमेला पडली तर फरक दुप्पट होतो. जुन्या खतावणीतल्या (खातेवहीतल्या) एकेका खात्यावर खूण केली. हिशेब लिहिणाऱ्याला पहिली शंका स्वतःच्याच नोंदीची येते, आणि नेमक्या त्याच सवयीने माझे तीन दिवस खाल्ले. जे सॉफ्टवेअर नावे-जमेचा मेळ राखण्यासाठीच असते, त्याने आलेल्या ओळी मोजूनही न पाहता 'जतन झाले' म्हणावे, याचा राग अजून गेलेला नाही.

चौथ्या दिवशी शिल्लक नोंदली गेलेली खाती मोजली. ती २४९ भरली; २५०व्यापासून पुढे सगळीकडे शून्य. फॉर्मच्या माथ्यावर तारीख वगैरे चार रकाने होते. २४९ ओळींचे ९९६ आणि वरचे ४, म्हणजे बरोबर १०००. इतका गोल आकडा योगायोगाने येत नाही. अपाचीचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंद ठेवणारी फाइल, उघडला, तर इनपुट व्हेरिएबल्स (फॉर्ममधून आलेले रकाने) १०००च्या वर गेल्याचा इशारा तिथे तीन दिवसांपासून पडून होता. म्हणून सांगते, तेरीज जुळली नाही तर खतावणीच्या आधी लॉग पाहा.

पीएचपीमध्ये 'मॅक्स इनपुट व्हार्स' नावाची ही मर्यादा २०१२ साली ५.३.९ या आवृत्तीत आली. मुद्दाम रचलेले असंख्य रकाने पाठवून सर्व्हर ठप्प करण्याचा हल्ला रोखणे हा तिचा हेतू, आणि तो योग्यच आहे. मात्र मर्यादेपलीकडचे रकाने गळून जातात आणि उरलेला फॉर्म जसा काही पूर्णच आहे असा पुढे सरकतो.

तरीही काम लगेच झाले नाही. पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, १०००चे ५००० केले, पण त्या ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम असल्यामुळे ती ओळ केवळ टीप ठरत होती. तो काढल्यावर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ५००० दाखवू लागले, ब्राउझर मात्र १०००वरच. उबुंटू या माझ्या लिनक्सवर टर्मिनलसाठी एक आणि अपाचीसाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र आयएनआय फाइली असतात. मी पहिलीच बदलत होते. योग्य फाइल बदलून अपाची पुन्हा सुरू केल्यावर ३१२ ओळी जतन झाल्या आणि उचंत खाते शून्यावर आले. तो शून्य पाहून जे हायसे वाटले, ते शब्दांत सांगता येणार नाही.

त्याच फाइलमध्ये टाइमझोनही भरून घ्यावा. तो रिकामा राहिला तर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरला जातो, आणि आपली वेळ यूटीसीच्या पुढे असेल तर मध्यरात्रीनंतर केलेली नोंद आदल्या तारखेला पडते. वर्षअखेरीस ती मागच्या वर्षात जाते.

आधी सांगायचे राहिले: सॉफ्टवेअरला डेटाबेसचे रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेले, खाते देऊ नका, त्याच्यापुरता वेगळा वापरकर्ता तयार करा. आणि मर्यादा तपासायची ती पीएचपीची सेटिंग्ज दाखवणारे पीएचपी-इन्फोचे पान ब्राउझरमध्ये उघडून. तपासून झाले की ते पान काढून टाकावे, कारण त्यावर सर्व्हरची सारी माहिती उघडी असते. पीएचपीची आवृत्ती ८.१वरून ८.२वर नेली की आयएनआय फाइलीही नव्या फोल्डरमध्ये नव्याने येतात आणि मर्यादा पुन्हा १०००वर जाते, तेव्हा ही तपासणी त्या दिवशीही करावी लागते.