आधी 'सुशीला' लिहून बघा

पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर येतो आणि पाठोपाठ व्हॉइस नोट, "जरा छान फॉन्ट टाक हां, भारीतला." घरात थोडंफार डिझाइन जमणारं कुणी असलं की ही कामं त्याच्याच गळ्यात, आत्ता मामेबहिणीच्या लग्नाचं माझ्याकडे आलंय. भारीतला म्हणजे कसा ते कोणी सांगत नाही, नको असलेला मात्र बघितल्या बघितल्या सांगतात.

फॉन्टच्या साइटवरचं नमुन्याचं वाक्य मी वाचतच नाही, त्यात सगळंच गोड दिसतं. मी आधी 'सुशीला' टाइप करते. आत्याचं नाव आहे, निमंत्रकांत येणारच, आणि त्यात श आणि ल दोन्ही सापडतात. आपल्या डोळ्यांना पाकळीवाला ल आणि देठवाला श सवयीचा, मराठी वर्णमालेवरच्या 2009 च्या शासन निर्णयातही तेच धरलेत. हिंदीच्या हिशेबाने केलेला फॉन्ट घेतला की ही दोन अक्षरं बदलतात, वाचायला काही अडत नाही पण आत्या एकदम कानपूरची वाटायला लागते. गंमत म्हणजे मुक्ता, नोटो अशा फॉन्टांत दोन्ही रूपं आतच असतात, मजकुराची भाषा मराठी अशी सेट केली की बदलतात, पण हे करतंय कोण, सगळे डायरेक्ट फॉन्टलाच शिव्या देतात.

मग 'वऱ्हाड'. ह्या एका शब्दावर कित्येक देखणे फॉन्ट गारद होतात. ऱ्ह नीट जमला नाही तर ह च्या डोक्यावर रफार चढतो, आणि लग्नाच्या पत्रिकेत 'वर्हाड' छापून आलं तर आमच्याकडचे शिक्षक काका हॉलमध्येच लाल पेन काढतील. नंतर 'ॲड.', कारण आमच्याकडे वकील पोत्याने. आणि फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट, म्हणजे आपल्या लिपीची अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग, चालू नसेल तर 'विवाह' मधली पहिली वेलांटी उडी मारून व च्या पलीकडे जाऊन बसते, त्यात फॉन्टचा काहीच दोष नसतो बिचाऱ्याचा.

प्रेसवाल्यांची दुनियाच निराळी. तिथे फॉन्टला नाव नाही, नंबर. "ताई, सातशे चौदा टाका, उठून दिसतो." मला आधी वाटायचं हा त्यांचा कोडवर्ड असेल, तर तो श्रीलिपी ह्या प्रेसवाल्यांच्या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या फॉन्टचा खरोखरचा नंबर आहे आणि मॅकवर आजही श्री देवनागरी 714 नावाने मिळतो. पण जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप केलेला मजकूर कॉपी करून मोबाइलवर पाठवला की नुसता कचरा दिसतो, म्हणून मी सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येईल असंच ठेवते आणि प्रेसला पीडीएफ देते, तेही फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलच्या आतच घालून.

चुलतभावाला यात्रा वन हवा होता. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला फॉन्ट आहे, मला प्रचंड आवडतो, पण त्यात 'आग्रहाचे निमंत्रण' लिहिलं की पुढे 'प्लॅटफॉर्म क्रमांक दोन' येईल असं वाटतं. मंगल नको म्हणाले सगळे, ऑफिससारखा दिसतो म्हणे. तो सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला, विंडोज 2000 सोबत आलेला, स्क्रीनवर मराठी वाचायची सवय आपल्यातल्या कित्येकांना त्यानेच लावली, तरी पत्रिकेला नको हे मलाही पटतं. सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीला मात्र डोळे झाकून तोच.

सध्या मुक्तावर सगळ्यांचं एकमत होत आलंय. त्यातलं लाइट वजन, म्हणजे बारीक रेघेचं रूप, नाही घ्यायचं, मरून कागदावर सोनेरी फॉइल म्हणजे बारीक शिरोरेषा मध्येच तुटते. मुहूर्ताची ओळ दोन पॉइंट मोठी, ओळींमध्ये अंतर ऐसपैस, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. भाऊ अजून मोदक फॉन्टवर अडून बसलाय, त्याची अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी म्हणजे नुसती रेघ उरते, बारीक साइझला पत्ता छापला तर शाईचा डाग होईल. शेवटी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही बच्चेकंपनीची ओळ मोठी करून त्याला मोदकमध्ये दिली. मुलीकडची पत्रिका आहे, 'काकाच्या' नाही 'मावशीच्या' हवं, हे आत्ता लक्षात आलंय, बदलते.