कागदी घोड्यांच्या स्पर्धा

फिनलंडमध्ये आभासी घोडे पाळण्याचा एक छंद दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे, आणि घोड्यांचा खेळ म्हटल्यावर पडद्यावर धावणारी चित्रे डोळ्यांसमोर येत असतील तर ती बाजूला ठेवूनच पुढे वाचावे लागेल. या छंदात पळताना दिसणारे काहीच नसते. प्रत्येक खेळाडू आपल्या पागेचे संकेतस्थळ स्वतः तयार करते आणि त्यावर एकेका घोड्यासाठी एक पान लिहिते. त्या पानावर घोड्याचे नाव, जात, रंग, उंची, जन्मतारीख, काही पिढ्यांची वंशावळ आणि स्वभावाचे सविस्तर वर्णन असते, आणि तळाशी त्याने आजवर मिळवलेल्या क्रमांकांची यादी असते. घोडा काल्पनिक आहे हे पानावर स्पष्ट नमूद करण्याची पद्धत आहे. व्हीआरएल नावाची, खेळाडूंनीच चालवलेली आभासी अश्वारोहण संघटना या घोड्यांना नोंदणी क्रमांक देते. त्यात नोंदणीचे साल, जातीचा संकेतांक आणि अनुक्रमांक असतो. खेळाडूलाही स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्यामुळे खरे नाव कोणालाच सांगावे लागत नाही, आणि यात शाळकरी मुलींची संख्या मोठी असल्याने ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

नोकरीच्या निमित्ताने एस्पो शहरात येऊन स्थिरावल्यावर भाषा सुधारावी म्हणून मी हे वाचू लागले आणि कालांतराने माझीही एक लहानशी पागा झाली. माझ्याकडचे बहुतेक घोडे फिनहॉर्स जातीचे आहेत. या देशी जातीची खरी वंशनोंदवही १९०७ सालापासून ठेवली जाते, त्यामुळे ज्यांना वंशावळीत रस आहे त्यांना ती सहज भुरळ घालते. एका घोडीचे नाव मी नंदुरबार जिल्ह्यातल्या घोडेबाजाराच्या गावावरून सारंगखेडा असे ठेवले आहे आणि ते बिनचूक लिहिणारी फिनिश व्यक्ती मला अजून भेटायची आहे. मात्र घोडे पाळण्यापेक्षा स्पर्धा भरवण्यातच मला जास्त रस आहे. ‘कागदी घोडे नाचवणे’ हे आपल्याकडे निंदेनेच म्हटले जाते. इथे मात्र ते नीट नाचवणे हेच आयोजकाचे काम असते.

स्पर्धेची सुरुवात निमंत्रणपत्राने होते. त्यात स्पर्धेचा दिवस, नोंदणीचा अखेरचा दिवस, प्रकार, वर्ग, एका स्वाराने एका वर्गात जास्तीत जास्त किती घोडे उतरवायचे आणि एका घोड्याने किती वर्गांत भाग घ्यायचा, हे सारे आधीच लिहावे लागते. नोंदणीची ओळही ठरावीक साच्यात हवी असते: आधी स्वाराचे नाव, कंसात तिचा क्रमांक, मग रेघ, मग घोड्याचे नाव आणि त्याचा क्रमांक. हा आग्रह प्रथमदर्शनी सरकारी खाक्याचा वाटतो, पण शंभर नोंदींची यादी हाताने सरळ करत बसण्याची वेळ आली की त्याचे मोल कळते. वर्ग ठरवताना खऱ्या खेळाचे नियम जवळ ठेवावे लागतात. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या प्रकाराच्या, ग्राँ प्री या सर्वोच्च पातळीवर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घोडा किमान ८ वर्षांचा असावा लागतो, आणि नालांशिवाय १४८ सेंटिमीटरपर्यंत उंचीचा घोडाच पोनी ठरतो. काल्पनिक घोड्याला या अटी का लावायच्या, असा प्रश्न नवख्या मुली हमखास विचारतात. माझे मत असे की घोडा काल्पनिक आहे म्हणूनच त्या लावायच्या, कारण वास्तवाचा हा थोडासा अडसर काढून टाकला तर एकमेकींच्या पानांवर विश्वास ठेवायला काही कारणच उरत नाही.

निकाल मात्र पारंपरिक पद्धतीनुसार सोडतीने लागतो. घोड्याची वंशावळ कितीही थोर असली आणि पानावरचे वर्णन कितीही देखणे असले तरी यादीतून पहिले नाव कोणते वर येईल ते नशीबच ठरवते. संघटनेच्या स्वयंचलित, पातळीवार स्पर्धांमध्ये घोड्याच्या खात्यावर गुण जमत जातात आणि त्यानुसार वरचे वर्ग खुले होतात, पण निमंत्रण काढून भरवलेल्या जुन्या पद्धतीच्या स्पर्धेत तसे काही नसते. बाहेरच्यांना हे ऐकून हसू येते. माझ्या आईच्या भिशीत दर महिन्याला चिठ्ठी काढली जायची, तेव्हा डबा सगळ्यांच्या समोर हलवला जाई आणि चिठ्ठी घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून काढली जाई. ज्या बाईचे नाव निघे तिचे कर्तृत्व शून्य असले तरी त्या पद्धतीवर कोणी कधी शंका घेतली नाही. आयोजकाने सांभाळायची गोष्ट तीच आहे. मी यादी नोंदणीच्या क्रमाने लावते, ती रँडम डॉट ऑर्गवर टाकते आणि आलेला क्रम जसाच्या तसा प्रसिद्ध करते. वातावरणातल्या रेडिओ गोंगाटापासून यादृच्छिक अंक तयार करणारी ही सेवा १९९८ पासून चालू आहे. माझ्या स्वतःच्या स्पर्धेत मी माझे घोडे उतरवत नाही.

सोडत असली की गणित आपोआप मागे येते, आणि स्वारामागे किती घोडे हा नियम ज्यांना जाचक वाटतो त्यांना मी हेच गणित करून दाखवते. समजा एका वर्गात ३० घोडे आहेत आणि पहिल्या ५ क्रमांकांची नोंद होते. एकच घोडा उतरवणाऱ्या मुलीला क्रमांक मिळण्याची शक्यता सहात एक. तीन घोडे उतरवणाऱ्या मुलीचा निदान एक घोडा क्रमांकात येण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के होते, आणि कोणी दहा घोडे उतरवले तर ती ८९ टक्क्यांपर्यंत जाते. घोड्याला गुणवत्ता मूल्यांकनासाठी पाठवायचे तर त्याच्या नावावर पुरेसे क्रमांक जमलेले असावे लागतात, त्यामुळे मोठ्या पागांना घाऊक नोंदणीचा मोह होणे स्वाभाविक आहे. मर्यादा नसेल तर एकच घोडा असलेल्या नव्या मुलीला सोडतीतही फारशी संधी उरत नाही. म्हणून मी स्वारामागे तीन घोड्यांवर ठाम असते. ओळखीपाळखीने चौथा घेतला जात नाही.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक त्रासदायक आहे. दहा स्वार, प्रत्येकीचे तीन घोडे, असा तीसचा वर्ग असेल तर एकाच स्वाराचे तिन्ही घोडे पहिल्या तीन क्रमांकांवर येण्याची शक्यता ४०६ मध्ये एक असते. एका वर्गापुरते पाहिले तर हे जवळपास अशक्य वाटते, पण वर्षानुवर्षे शेकडो वर्ग भरवणाऱ्या आयोजकाच्या वाट्याला असा निकाल कधी ना कधी येणारच. आला की पहिल्यांदा हात पुन्हा सोडत काढण्याकडे वळतो, कारण निकाल ‘बरा दिसत नाही’. तो मोह आवरावा लागतो. एकदा दिसण्यासाठी सोडत बदलली की मग ती सोडत राहत नाही, आयोजकाची आवडनिवड होते. आणि पहिला क्रमांक हुकलेल्या मुलीला ते कधीच कळत नाही, हा त्यातला सर्वांत वाईट भाग. असा निकाल आला तर मी मूळ यादी आणि सोडतीचा क्रम शेजारी शेजारी ठेवते आणि खाली हेच गणित दोन ओळींत लिहिते.

सोडतीचा कंटाळा आलेल्यांसाठी कथांच्या स्पर्धा असतात. स्वाराने आपल्या घोड्याच्या फेरीचे वर्णन लिहायचे आणि आयोजकाने ते वाचून क्रमांक लावायचे. या प्रकारात श्रम दसपट आणि वादही दसपट, तरी मला हाच प्रकार मनापासून आवडतो. गेल्या खेपेस क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या रानातले अडथळे पार करत जाण्याच्या, वर्गात एक सुरेख कथा आली होती: दव पडलेले गवत, पाण्याच्या अडथळ्याशी कान टवकारून थबकलेली घोडी, तिच्या मानेवर हात ठेवून हलकेच पुटपुटणारी स्वार. पाण्यातून बाहेर पडल्यावर स्वार पुढच्या अडथळ्यावरून गेली ती पांढरे निशाण उजव्या हाताला ठेवून. क्रॉस-कंट्रीत लाल निशाण उजवीकडे आणि पांढरे डावीकडे असते. म्हणजे ती अडथळ्यावरून उलट्या दिशेने गेली होती आणि खऱ्या मैदानावर तिथेच बाद झाली असती. घोडी पाण्याशी थांबली त्याचे २० दंडगुण झाले असते, पण त्याची गरजच उरली नसती. मी बराच विचार करून त्या कथेला दुसरा क्रमांक दिला आणि अभिप्रायात कारण लिहिले. लिहिणाऱ्या मुलीने उत्तरात निशाणांच्या जागा बदलून आणखी एक परिच्छेद पाठवला, जो पहिल्याहून सरस होता, पण क्रमांक अर्थातच बदलला नाही.

कथा वाचताना मी भाषेचे गुण देत नाही. माझी फिनिश शिकलेली आहे, त्या मुलींची जन्माची आहे. तिथे मी कोणाच्या विभक्ती तपासणार? मी पाहते ते एवढेच की लिहिणारीला घोडा दिसतो आहे का. ड्रेसाजच्या कथेत स्वार मैदानाच्या कडेला लावलेल्या अक्षरांपैकी ए या अक्षरापासून आत येते, मध्यबिंदूवर थांबून सलाम करते आणि समोर सी या अक्षरापाशी पंच बसलेले असतात, हे क्रमाने लिहिणाऱ्या पुष्कळ असतात. पण थांबल्यावर घोड्याचा मागचा एक पाय किंचित मागे राहिला आणि तो सरळ करावा की तसाच राहू द्यावा या विचारात स्वाराचा क्षण गेला, असे लिहिणारी विरळा. तिला मी डोळे मिटून वर ठेवते.

राहिला निकालाच्या तारखेचा प्रश्न. स्पर्धा जाहीर होतात, नोंदण्या घेतल्या जातात आणि निकाल कधीच लागत नाही, असे या छंदात सर्रास घडते. आयोजक मुलीची परीक्षा असते, नवी नोकरी असते, किंवा नुसता उत्साह ओसरलेला असतो. रागवावे असे त्यात काही नाही, पण ज्यांचे घोडे त्या यादीत अडकून पडले त्यांना ना क्रमांक मिळतो ना सुटका. त्यामुळे मी महिन्याला एकच स्पर्धा घेते आणि वर्गही चारच ठेवते. येत्या शरद ऋतूत मात्र एक नवा प्रयोग करणार आहे: इव्हेंटिंगच्या तीन टप्प्यांपैकी ड्रेसाज आणि शो जम्पिंग सोडतीने, आणि मधली क्रॉस-कंट्री कथेने. गुणांची बेरीज कशी करायची यावर अजून काथ्याकूट चालू आहे, कारण सोडतीतला पहिला क्रमांक आणि कथेतला पहिला क्रमांक सारख्याच वजनाचे धरावेत हे मला काही केल्या पटत नाही. सध्या कथेला दुप्पट वजन द्यावे असे मनात आहे. निमंत्रणपत्र निघण्याआधी कोणाला याहून बरा हिशेब सुचला तर तो मला हवाच आहे.