स्प्लिट रॉकची बत्ती

लेक सुपीरियरला तळं किंवा सरोवर म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतात, गाज ऐकू येते. फक्त वाऱ्याला खारा वास नाही. मिनेसोटात आल्यापासून डुलुथ या बंदराच्या गावाहून उत्तरेला जाणारा काठाकाठाचा रस्ता आम्ही किती वेळा केला असेल, आणि दर खेपेला स्प्लिट रॉकला थांबलोच आहोत. पाण्यातून सरळ वर आलेला १३० फुटांचा कडा आणि त्याच्या टोकावर फिकट पिवळ्या विटांचं अष्टकोनी दीपगृह. मनोरा स्वतः उंचीला ५४ फूटच आहे. बाकीची उंची कड्याची.

हे दीपगृह एका वादळाने बांधून घेतलं. मिनेसोटातल्या मेसाबीच्या खाणींतलं लोहखनिज भरून बोटी इथल्या बंदरांतून पूर्वेकडे जायच्या. २८ नोव्हेंबर १९०५ रोजी अशा वादळात त्या सापडल्या की २९ बोटी फुटल्या किंवा मोडकळल्या. ‘माटाफा’ डुलुथ बंदराच्या तोंडाशीच आपटून अडकली. काठावर शेकोट्या पेटवून गावचे लोक रात्रभर उभे होते, पण त्या लाटांत होडी घालणं कुणाच्याही हातात नव्हतं. बोटीवरचे ९ जण लोकांच्या डोळ्यांदेखत गेले, बहुतेक थंडीने गोठून. डुलुथच्या धक्क्यावर उभं राहिलं की ते अंतर किती थोडं होतं ते कळतं आणि पोटात कालवतं.

त्याच वादळात ‘माडेरा’ नावाची मालबोट स्प्लिट रॉकजवळच्या कड्यावर आदळली. फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशाने हातात दोर घेऊन त्या ओल्या, गोठलेल्या कड्यावर उडी घेतली, वर चढला आणि दोर खाली सोडला. दहापैकी ९ जण वाचले. खाली पाहिल्यावर आपले पाय आपोआप मागे सरकतात, असा तो कडा आहे.

या किनाऱ्यावर खडकातल्या लोहामुळे होकायंत्रही भरवशाचं राहत नाही, असं खलाशी सांगत. बोटींच्या मालकांनी मागणी लावून धरली आणि १९०७ मध्ये अमेरिकन संसदेने ७५ हजार डॉलर मंजूर केले. जागा ठरली, पण तिथे जायला रस्ताच नव्हता (तो १९२४ मध्ये झाला!). वीट, सिमेंट, लोखंड, माणसांचं अन्न, सगळं बोटीने आणायचं आणि कड्यावरच्या यारीने वर ओढायचं. ३१ जुलै १९१० च्या रात्री बत्ती पहिल्यांदा लागली.

पहिला मुख्य दीपपाल ऑरेन यंग. त्याचे दोन मदतनीस त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये टपाल आणायला होडीने निघाले आणि बुडाले. दुसऱ्यांसाठी दिवा लावायला आलेली ती माणसं. यंग मात्र १९२८ पर्यंत तिथेच राहिला.

मी सगळ्यात जास्त रेंगाळते ते वरच्या दिव्याच्या खोलीत. पॅरिसहून आणलेलं फ्रेनेल भिंग, त्याचे एकावर एक रचलेले लोलक, दोन्ही बाजूंनी फुगीर, एखाद्या मोठ्या शिंपल्यासारखं. आत आपल्या पेट्रोमॅक्सच्याच तत्त्वाचा दिवा होता: रॉकेल, दाब आणि मेंटल. एवढं जड भिंग पाऱ्यावर तरंगतं, त्यामुळे बोटाने ढकललं तरी फिरेल इतकं हलकं होतं. त्याला फिरवायचं घड्याळाचं यंत्र, खाली लोंबणाऱ्या वजनावर चालणारं. वजन तळाला टेकायच्या आत दीपपालाने पुन्हा चावी द्यायची. दर दोनेक तासांनी, रात्रभर, बोटींचा हंगाम संपेपर्यंत. अंधारातल्या खलाशाला दर १० सेकंदांनी एक झोत दिसायचा आणि त्या लयीवरून तो ओळखायचा: हे स्प्लिट रॉक. त्या चावीच्या दांड्यापाशी उभं राहिलं की झोपमोड करून कितीदा तरी उठलेला माणूस दिसायला लागतो. वाचलेल्या बोटींची मोजदाद कुठे होते? कुणी थांबून त्याला सांगितलं नसणार की आम्ही सुखरूप पोचलो.

१९४० मध्ये वीज आली. पुढे बोटींवर रडार वगैरे आल्यावर १९६९ मध्ये दीपगृह बंद झालं, आणि आता ते मिनेसोटाच्या इतिहास संस्थेकडे आहे. त्यांनी ते १९२० च्या दशकात होतं तसं जपलंय.

पण वर्षातून एकदा, १० नोव्हेंबरला, बत्ती लागते. १९७५ मध्ये याच दिवशी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ ही ७२९ फुटांची बोट खनिज घेऊन जाताना या सरोवराच्या पार पूर्वेकडच्या टोकाला बुडाली. २९ जण होते, एकही वाचला नाही. १९८५ पासून त्यांच्यासाठी इथे ही बत्ती लावतात.

गेल्या वर्षी आम्ही गेलो होतो. हातमोज्यांतही बोटं बधिर झाली होती. साडेचारच्या सुमारास अंधारायला लागलं आणि एकेक नाव वाचत जहाजाची घंटा वाजू लागली. एक नाव, एक टोला. इतक्या गर्दीत कुणी खोकतही नव्हतं. २९ टोले झाल्यावर थोडं थांबून तिसावा पडला, या सरोवरांत गेलेल्या बाकी सगळ्यांसाठी. मला ‘माटाफा’वरचे ते ९ जण आणि टपालाला गेलेले दोघे आठवले. मग वर भिंग हळूच फिरू लागलं, आणि पहिला झोत आमच्या डोक्यांवरून पाण्यावर गेला.