मासे, चिमण्या आणि एक चतुर

गोल्डफिश जमलेत आणि भुताच्या गोष्टी रंगल्यात. जपानात हा जुना खेळ होता. शंभर वाती लावायच्या, एक गोष्ट संपली की एक वात विझवायची, आणि शेवटची विझली की खरंखुरं भूत येतं म्हणे. एकोणिसाव्या शतकातला जपानी चित्रकार उतागावा कुनियोशी, त्याच्या चित्रात ते आलंय. भलं थोरलं मांजर पंजे पसरून वरून डोकावतंय, आणि माशांना पळता भुई थोडी झालीय. भुई कसली, पाणी!

ही लाकडी ठशांची चित्रमाला साधारण 1842 सालची. तिच्यातल्या दुसऱ्या एका चित्रात एक मासा बुडबुडे विकत फिरतो, भोवती पोराटोरांची गर्दी. फोनवर बोटांनी मोठं करून बघताना मला हसू आवरत नाही. हसू येतं ते मासे माणसासारखे वागतात म्हणून नाही, इतकं माणसासारखं वागूनही ते पुरते मासेच राहतात म्हणून. कल्ले, शेपूट, ते बटबटीत डोळे, सगळं जागच्या जागी.

आमच्या लहानपणी गोष्टीतल्या प्राण्यांना एकच नोकरी होती, शिक्षकाची. इसापनीतीत ससा हरला तरी शिकवायचा आणि कासव जिंकलं तरी शिकवायचं. पंचतंत्रातला बगळा खेकड्याच्या नांगीत मान अडकून मेला, तोही जाता जाता धडा देऊन. कुनियोशीचा मासा कुणाला काही शिकवत नाही. तो आपले बुडबुडे विकतो.

जाणकार म्हणतात, यामागे सरकार आहे. 1842 मध्ये शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाच्या, राजवटीने काटकसर आणि सदाचाराच्या नावाखाली काबुकी नाटकांतल्या नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली. खपणारा मालच गेला. मग माणसांच्या जागी प्राणी आले. 1845 च्या अखेरीस एदोची, म्हणजे आजच्या टोकियोची, योशिवारा ही गणिकांची वस्ती जळाली आणि धंदा तात्पुरत्या जागेत हलला. कुनियोशीने 1846 मध्ये ती जागा चितारली. उंची किमोनो नेसलेल्या बायका, गिऱ्हाइकं, सगळा थाटमाट, फक्त मानेवर डोकी चिमण्यांची. आता चिमण्यांवर खटला कोण भरणार?

चिमण्यांपुरतं हे मला पटतं. गोल्डफिशच्या बाबतीत मात्र नुसत्या बंदीने भागत नाही. मुळात या माणसाला प्राण्यांचं वेडच होतं. त्याच्याकडे मांजरांचा सुळसुळाट असायचा, आणि एखादं पिल्लू किमोनोत घेऊनच तो काढत बसायचा, असं सांगतात. अशा माणसाला मांजर काढायला सरकारी निमित्त कशाला लागतं?

त्याच्या आधी, 1788 मध्ये, उतामारो या चित्रकाराचं किड्यांचं पुस्तक निघालं. पुढे सुंदर स्त्रियांच्या चित्रांसाठी गाजलेला तोच उतामारो. पानापानावर सुरवंट, नाकतोडे, चतुर, आणि सोबत त्यांच्यावरून रचलेल्या प्रेमाच्या मिश्कील कविता. कविता वाह्यात, पण किडे अगदी गंभीर. चतुराच्या पंखांची जाळी बघावी! चित्रकार कागदावर रेघ ओढून मोकळा होतो. तीच रेघ चेरीच्या लाकडात उठून राहावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढायचं काम कोरक्याचं. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. शेवटच्या पानावर कमळाच्या पानावरचा बेडूक एका भुंग्याकडे बघतोय. त्या बघण्यात पुढचा घास आहे की नुसतं कुतूहल, ते उतामारो सांगत नाही.

पुस्तकाला उतामारोचे गुरू सेकिएन यांनी मागे चार शब्द लिहिलेत. पोरगा लहानपणी चतुराला दोरा बांधून खेळायचा, रातकिडा तळहातावर घेऊन हरवून जायचा, असं त्यांना आठवतं. चतुराला दोरा बांधणं आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि त्यावरून धपाटेही. त्यातून असं पुस्तक निघू शकतं, हे आपल्या मास्तरांना कोण सांगणार!

या प्राण्यांवर सगळ्यात अवघड काम पडलं ते 1855 च्या नोव्हेंबरात. एदोला रात्री मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. लोकसमजूत अशी की जमिनीखाली एक अजस्र मिशाळ मासा आहे, नामाझू, आणि कशिमाचा देव त्याला शिळेखाली दाबून ठेवतो. पण चांद्र पंचांगाचा तो दहावा महिना. त्या महिन्यात देशभरचे देव इझुमोच्या देवस्थानी जमतात, कशिमाचा देवही तिकडेच गेलेला. पहारा ढिला पडला आणि माशाने अंग हलवलं. काही दिवसांतच त्याची चित्रं बाजारात आली, सगळी बिनपरवाना, शेकड्यांनी. काही चित्रांत चिडलेले लोक माशाला बडवताहेत. काहींत सुतार, गवंडी त्याला मेजवानी देताहेत, कारण शहर पुन्हा उभारायचं म्हणजे हाताला काम. श्रीमंतांच्या पोटातून सोन्याची नाणी बाहेर पडताहेत आणि गरीब ती वेचताहेत, असंही एक दृश्य त्यांत आहे. सुमारे दोन महिन्यांनी सरकारने हे सगळं बंद पाडलं. तोवर घर पडलेल्याने मार खाणारा मासा विकत घ्यावा, आणि घर बांधून देणाऱ्याने पाहुणचार झोडणारा.