कुणाच्या तरी घरची कडी

गावात जुनं घर पाडायला काढलं की मला निरोप येतो. कोरीव खांब, पितळी समया, शिसवी पलंग व्यापाऱ्यांनी आधीच उचललेले असतात. मला उरतात कौलांचे तुकडे, गंजकी बिजागरी, जाळ्याची शिशाची मणी आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतले कागद. त्यांची मी चित्रं करते. शहरात याला ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणतात. शेजारच्या काकी भंगार म्हणतात, आणि तेच जास्त नेमकं आहे.

या प्रकारात थोर मंडळी होऊन गेली. हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सने १९१९ च्या सुमाराला ट्रामची तिकिटं, वेष्टणं, खिळे असलं काहीबाही डकवून चित्रं केली. महायुद्धाने सगळ्याचे तुकडे झालेच आहेत, तर त्या तुकड्यांतूनच नवं काही जुळवू, असं त्याचं म्हणणं. पण ‘हे तिकीट माझं’ म्हणत त्याच्या दारात कुणी उभं राहिलं नसणार. शहरात रस्त्यावर पडलेलं तिकीट कुणाचंच नसतं. आमच्या मालवणच्या बाजूला ती सोय नाही.

मला जवळचा वाटतो तो नेकचंद. सरकारी रस्तेखात्यातला माणूस. चंदीगड वसवायला जी गावं पाडली, तिथला राडारोडा, फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे सायकलवरून नेऊन त्याने जंगलात गुपचूप बाग उभी केली. १९७६ साली ती लोकांना खुली झाली. बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या तिथल्या बाया पाहून एखादी म्हातारी म्हणाली असेल का, ‘अगं, ही तर माझी’?

पावसाळ्यात दर्याही पुष्कळ काही आणून टाकतो. नायलॉनच्या दोऱ्या, थर्माकोलचे बोये, जोडीदार हरवलेल्या रबरी चपला. या मात्र खऱ्या बेवारस. त्यांची चित्रं देखणी होतात, पण बघणारा ‘छान’ म्हणतो आणि पुढे सरकतो.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिठोरं असायचं, दोन ओळी मजकुरापुरतं. पैसे मोजून दिले की पोस्टमन ते फाडून हातावर ठेवायचा. अलीकडे एका ट्रंकेत अशा चिठोऱ्यांची सुतळीने बांधलेली गड्डी मिळाली. धनी मुंबईला गिरणीत. शाई ओलीने फुटलेली, अक्षर मात्र ठाम. ‘पैसे पाठविले आहेत. पावसाआधी घर शाकारून घेणे. धाकट्याच्या तापाचे कळविणे.’ जवळजवळ प्रत्येक चिठोरं असंच. बायकोला ‘तू कशी आहेस’ म्हणून कुठेच विचारलेलं नाही, पण शाकारणी एकदाही चुकलेली नाही. आपण नसताना तिच्या डोक्यावर पाणी गळू नये, एवढंच त्याला लिहिता येत होतं बहुतेक.

ती मी त्याच घराच्या मंगळुरी कौलांवर डकवली. खळीत मोरचूद घातलं, नाहीतर आमच्या हवेत श्रावणापर्यंत बुरशीच चित्र पुरं करते. कागद धुऊन-पुसून स्वच्छ करायचा मोह टाळला. कौलाची काजळी तशीच ठेवली. ती तिच्या चुलीची आहे, माझा त्यावर काय हक्क? खाली कोपऱ्यात एक लोखंडी कडी बसवली. मला वाटतं, या कामात आपला हात जितका कमी दिसेल तितकं बरं. गॅलरीवाल्यांना हे पटत नाही. त्यांना कलाकाराची सही ठळक लागते.

काकी चष्मा लावून आल्या. सगळी चिठोरी वाचली. मग म्हणाल्या, “गणपतीक इलो की आधी कौलार चढा. बाईल खालसून ओरडा, पडशात म्हणान.” हे कुठल्याच चिठोऱ्यात नव्हतं. मी वही शोधायला उठले, तोवर त्यांची नजर कडीवर गेली.

“ही तेंची न्हय. आमच्या न्हाणयेची. गेल्या वर्साक हरावली ती.”

मी म्हटलं, अहो काकी, ढिगाऱ्यातून उचलली मी. त्यांनी कडीची वाकडी बाजू बोटाने दाखवली. म्हशीने ओढली तेव्हाची म्हणे. यापुढे माझं काय चालणार! न्हाणीचा दरवाजा तेव्हापासून सुंभाने बांधून ठेवतात. मी पेचकस आणून दिला.

कडी सुटत असताना त्यांचं वरच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. “ही बिजागरीय आमचीच आसतली. बघ जरा नीट.”