वीस-पंचवीसच्या ब्रेकपुढे जाताना

स्नूकर शिकताना सुरुवातीला ब्रेकचे, म्हणजे एका पाळीत सलग मिळवलेल्या गुणांचे, आकडे भराभर वाढतात आणि मग वीस-पंचवीसपाशी अडतात. तीन रेड, तीन ब्लॅक, चौथा रेड पॉकेटच्या तोंडाशी खडखडून बाहेर, आणि आपण खुर्चीत. हौशी खेळाडूंचा सगळ्यात लांबणारा टप्पा हाच, माझाही तोच होता. या काळात ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला जो तो देतो. माझा अनुभव असा, की बॉल का चुकला हे कळत नाही तोवर तो सल्ला काही कामाचा नाही. कारण कळलं की निम्मी चिडचिड तिथेच संपते, कारण उद्या टेबलवर नेमकं काय करायचं ते ठरलेलं असतं. म्हणून आधी टेबलवरचं लिहितो.

पहिली तपासणी क्यू सरळ जाते की नाही याची. टेबल रिकामं करून क्यू बॉल (पांढरा बॉल, म्हणजेच व्हाइट) ब्राऊनच्या स्पॉटवर ठेवायचा आणि ब्लू, पिंक, ब्लॅक या तिन्ही स्पॉटवरून वरच्या (ब्लॅककडच्या) कुशनवर मारायचा. शॉट झाल्यावर क्यू जिथे थांबली तिथेच धरून ठेवायची. बॉल परत येऊन टिपेला, म्हणजे क्यूच्या टोकाला, टेकला पाहिजे. यात दोन निरनिराळ्या चुका दिसतात. जातानाच बॉल ब्लूच्या स्पॉटच्या बाजूने गेला, तर रेषाच चुकली, म्हणजे उभं राहण्यात गडबड आहे. जाताना तिन्ही स्पॉटवरून गेला पण कुशनवरून उजवीकडे परतला, तर टिप मध्याच्या उजवीकडे लागली आणि नकळत साइड, म्हणजे बाजूची फिरकी, बसली. डावीकडे परतला तर डावी साइड. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पुष्कळ जण साइडची चूक निशाणा हलवून दुरुस्त करायला जातात आणि मग दोन्ही बिघडवून बसतात.

रेषा चुकत असेल तर पाय बघायचे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने शॉटच्या रेषेत मागे उभं राहून उजवं पाऊल त्या रेषेवर ठेवायचं, मग डावं पुढे टाकून सरळ खाली यायचं. खाली वाकल्यावर कंबर किंवा खांदा सरकवून निशाणा ‘बसवायचा’ नाही. तसं करावंसं वाटलं तर उठायचं आणि पुन्हा मागून यायचं. साइड बसत असेल तर बहुतेक वेळा दोष मागच्या हाताचा निघतो: टिप लागायच्या क्षणी मूठ आवळली जाते, मनगट वळतं. पकड इतकीच हवी की क्यू हातातून निसटू नये. टिप बॉलला टेकते त्या वेळी कोपराखालचा हात सरळ खाली लोंबता असावा, ब्रिज (क्यूला टेकू देणारा पुढचा हात) बॉलपासून २५ ते ३० सेंटीमीटरवर, हनुवटी क्यूला लागलेली. तीन-चार वेळा क्यू पुढे-मागे करायची, या वेळी नजर क्यू बॉलवर. मग मागे एक क्षण थांबायचं, नजर समोरच्या बॉलवर न्यायची आणि मारायचं. मागचा हा थांबा घाईत सगळ्यात आधी गळतो. मॅचमध्ये पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालणं) चुकायला लागले की मी दुसरं काही बघण्याआधी तोच बघतो.

यानंतर सरळ पॉट. ब्लू त्याच्या स्पॉटवर, कोपऱ्याच्या पॉकेटकडे जाणाऱ्या रेषेत क्यू बॉल साधारण एक मीटर मागे. मध्याच्या थोडं खाली मारून स्टन करायचा; ब्लू पॉकेटमध्ये आणि व्हाइट ब्लूच्या जागी ठप्प. इथे पॉट झाला यावर समाधान मानायचं नाही. व्हाइट थांबून जागच्या जागी गरगर फिरला, तर साइड बसली. व्हाइट किंचित बाजूला सरकला, तर बॉल पूर्ण लागलाच नव्हता. पॉकेट रुंद म्हणून चूक माफ झाली. जवळून माफ होणारी हीच चूक टेबलच्या दुसऱ्या टोकावरून मारताना माफ होत नाही. लांबचे पॉट चुकतात म्हणून लोक लांबचेच पॉट मारत बसतात, खरं म्हणजे एक मीटरवरच्या व्हाइटकडे नीट पाहिलं तर कारण तिथेच सापडतं.

हाच शॉट मग फॉलो (वर मारून व्हाइट पुढे नेणं) आणि स्क्रूने (खाली मारून तो मागे ओढणं). व्हाइट कुठे थांबवायचा ते आधी ठरवून तिथे वहीचा एक कागद टाकायचा: आधी एक वीत, मग दोन, मग हात-दीड हात. स्क्रू येत नसेल तर जोर वाढवण्याआधी टिप बघावी. स्नूकरची टिप साधारण साडेनऊ मिलिमीटरची असते. तिचा घुमट सपाट झाला असेल किंवा पृष्ठभाग चकचकीत झाला असेल तर खाली मारलेली क्यू घसरते. बारीक सँडपेपरने हलकेच खरखरीत करायची, कडेने फुगली असेल तर फुगवटा छाटायचा. चॉक टिपेवर ब्रशसारखा फिरवायचा, भोक पाडल्यासारखा गोल रगडायचा नाही. तसं केलं की मधोमध चॉक बसतो आणि स्क्रूला लागते ती कड कोरडी राहते. आणखी एक: खाली मारायचं म्हणून मागचा हात उचलायचा नाही. पुढच्या हाताचा पंजा सपाट करून ब्रिजच खाली आणायचा आणि क्यू शक्य तितकी आडवी ठेवायची.

कोनांचा हिशेब थोडका आहे, पण पाठ हवा. स्टन शॉटमध्ये व्हाइट समोरच्या बॉलच्या वाटेशी ९० अंशांत निघतो. अर्धा बॉल झाकून मारलं तर समोरचा बॉल आपल्या रेषेपासून ३० अंशांवर जातो, आणि व्हाइट नुसता घरंगळत आलेला असेल तर तोही दुसऱ्या बाजूला थोड्याशाच जास्त कोनाने वळतो. या दोन खुणा डोळ्यांत बसल्या की बाकीच्या वाटा त्यांच्यामधल्या.

वीस-पंचवीसची भिंत खरी इथे आहे, पोझिशनमध्ये, म्हणजे पुढच्या शॉटसाठी व्हाइट कुठे थांबतो त्यात. हौशी खेळाडूला वाटतं, पुढच्या बॉलच्या जितकं जवळ तितकं चांगलं. जवळ आणि सरळ ही ब्लॅकवरची वाईट जागा. अगदी सरळ ब्लॅक पॉट केल्यावर व्हाइट फक्त मागे किंवा पुढेच जाऊ शकतो, रेडकडे यायला वाट राहत नाही, आणि मग जोर लावून काहीतरी ओढाताण करावी लागते. थोडा कोन ठेवला तर स्टननेच काम होतं. म्हणजे रेड मारताना विचारायचा प्रश्न ‘ब्लॅकजवळ कसा येईन’ असा नसून ‘ब्लॅकच्या कुठल्या बाजूला येईन’ असा असतो.

दुसरी गोष्ट, व्हाइट पोझिशनच्या रेषेत शिरतो की ती रेषा ओलांडतो. पुढच्या बॉलची पॉटिंगची रेषा मनात मागे वाढवून बघा. व्हाइट तिच्याच दिशेने चालत येत असेल, तर तो हातभर पुढे थांबला काय नि मागे थांबला काय, शॉट उरतो. तो आडवा जाऊन ती रेषा छेदणार असेल, तर योग्य जागा चार बोटांची असते आणि वेगाचा अंदाज जरा चुकला की संपलं. दोन पर्याय असतील तर रेषेत शिरणारा घ्यायचा, मग त्यासाठी एक कुशन जास्त लागली तरी चालेल. हे कळल्यावर माझ्या खेळात जितका फरक पडला तितका कुठल्याही नव्या स्क्रूने पडला नाही.

यासाठी लाइन-अपचा सराव. कलर (रेड सोडून बाकीचे रंगीत बॉल) आपापल्या स्पॉटवर, रेड टेबलच्या मध्यरेषेत ओळीने. पंधरा रेडने सुरुवात केली तर निराशाच पदरी पडते. मी सांगेन तीन पिंक आणि ब्लॅकच्या मधे, तीन ब्लू आणि पिंकच्या मधे. सहा रेड आणि सगळे कलर साफ होऊ लागले की दोन वाढवायचे. प्रत्येक ब्रेक संपला की वहीत दोन गोष्टी: गुण, आणि संपण्याचं कारण. कारणं तीनच ठेवावीत, ‘पॉट’, ‘पोझिशन’, ‘निर्णय’. सोपा बॉल चुकला तर ‘पॉट’. अवघड बॉल मारावा लागला म्हणून चुकला तर ‘पोझिशन’, आणि त्याचा दोष आधीच्या शॉटला. सोपा कलर सोडून भलताच घेतला तर ‘निर्णय’. ही वही आठ-दहा बैठकांनंतर उघडली की चेहरे पडतात, कारण बहुतेक जण स्वतःला ‘पॉट चुकणारा’ समजत असतात आणि वहीत रांगेने ‘पोझिशन’ लिहिलेलं असतं.

वहीचा दुसरा फायदा मनाला होतो. एखाद्या दिवसाचा आकडा फार फसवा असतो. सर्वोच्च ब्रेक तर सगळ्यात फसवा, तो रेड कसे फुटले यावरही अवलंबून असतो. मी बैठकीतल्या सगळ्या प्रयत्नांमधला मधला आकडा बघतो, तो पुढे सरकत असेल तर एक भिकार संध्याकाळ डोक्यात घेऊन घरी जायचं कारण नाही. दीड तासाची बैठक पुरते: १५ मिनिटं स्पॉटवरून सरळ मारणं, अर्धा तास सरळ पॉट आणि स्टन-स्क्रू, अर्धा तास लाइन-अप, उरलेला वेळ सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारा बचावाचा फटका). तीन-चार तास एकट्याने मारत राहिलं की शेवटच्या तासात थकलेला हातच सवयी लावतो, आणि त्या वाईट असतात.

कलर साफ करणं वेगळं काढून करावं. येलोपासून ब्लॅकपर्यंत २७ गुण, आणि फ्रेम (सामन्यातले एकेक डाव) इथेच हरल्या जातात. येलो आणि ग्रीन आपापल्या कोपऱ्यात घालण्याच्या सरळ रेषा मागे वाढवल्या तर त्या ब्राऊनच्या वर साधारण १४ इंचांवर, टेबलच्या मध्यरेषेवर एकमेकींना छेदतात. येलो सरळ मिळाला तर व्हाइट त्या बिंदूच्या आसपास थांबवला की ग्रीन समोर असतो. पण अगदी त्याच बिंदूवर नको, ब्राऊनसाठी ग्रीनवर थोडा कोन लागतो. अडतं बहुधा ब्राऊनवरून ब्लूला जाताना: ब्राऊन तंतोतंत सरळ मिळाला तर जोराचा स्क्रू मारावा लागतो, थोडा कोन असेल तर व्हाइट सहज वर येतो.

सेफ्टीबद्दल थोडक्यात. व्हाइट बाल्क कुशनपासून (येलो-ग्रीनकडची कुशन) वीतभर अंतरात परतला की ती चांगली सेफ्टी, रेड कुठे गेले ते नंतर. रेडला जाड लागलं तर व्हाइट तिथेच अडकतो. पातळ लावायची सवय करावी.

आता मन. शॉट निवडायचा तो उभ्यानेच. खाली गेल्यावर ‘स्क्रू की फॉलो’ असा विचार आला तर उठायचं. दोन मनांनी मारलेला शॉट हा हौशी खेळातला सगळ्यात मोठा खड्डा आहे. खाली जाण्याआधी स्वतःला सांगायचं वाक्य ‘हा चुकवू नको’ असं नसावं, त्याने हात आखडतो. व्हाइट कुठे थांबणार ती जागा मनात म्हणायची: ‘पिंकच्या खाली, वीतभर’. लक्ष जागेवर असलं की बॉल आपसूक पॉट होतो असं नाही, पण मूठ आवळली जात नाही.

खुर्चीत बसल्यावर करायचं काम म्हणजे बेरीज. उरलेले रेड गुणिले आठ (रेडचा एक, त्यावरच्या ब्लॅकचे सात), अधिक कलरचे २७. दोन रेड उरलेत आणि आपण ४० ने मागे, म्हणजे टेबलवर ४३ आहेत, फ्रेम जिवंत आहे. फक्त कलर उरलेत आणि मागे ३० ने, तर स्नूकर लावावा लागेल, म्हणजे समोरच्याचा बॉल दुसऱ्या बॉलआड दडवून त्याच्याकडून फाउल घ्यावा लागेल. फाउलचे कमीत कमी चार गुण मिळतात, ब्लू, पिंक किंवा ब्लॅक खेळायचा असेल तर पाच, सहा, सात. हताश होणारे बरेचदा हा हिशेब न करताच हताश होतात. १९८५च्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलर स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०–८ ने मागे होता. १७–१७ नंतरच्या निर्णायक फ्रेममध्ये शेवटचे चार कलर उरले तेव्हा तो ४४–६२ असा मागे. ब्राऊन, ब्लू, पिंक, ब्लॅक मिळून २२, म्हणजे चारही हवेत, एकही सोडून चालणार नव्हतं. चारही घातले, ६६–६२. त्या सामन्यात तो पहिल्यांदा पुढे गेला तो त्या शेवटच्या ब्लॅकवर, तोही दोघांकडून हुकाहुकी झाल्यानंतर. त्याला तेव्हा मनात काय वाटत होतं ते सोडा. टेबलवर २२ होते आणि त्याला १९ लागत होते.

अनोळखी टेबलवर मॅच असेल तर मिळालेल्या पाच मिनिटांत पॉट मारत बसू नका. बाल्क लाइनवरून व्हाइट हळू वर मारून परत किती येतो ते दोनदा बघा, त्यावरून कापडाचा वेग कळतो. कापडाची लव ब्लॅककडे झुकलेली असते, तेव्हा बाल्ककडे परतणारा बॉल त्याच जोरात थोडा आधी थांबेल. एक व्हाइट बाजूच्या कुशनला मध्यम जोरात मारून ती किती उसळते ते पाहा. शेवटी कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये कुशनलगतचा एक रेड हळू आणि एक जोरात. जोरातला बाहेर फेकला गेला तर त्या दिवशी कुशनलगतचे बॉल हळूच घालायचे.